पहिली ग्रुप राईड : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंद्रूपला सायकल नवी नाही. शाळेला, रानात, बाजाराला ती रोज जाते. तरीही सोलापुरातल्या एखाद्या सायकल ग्रुपने रविवारच्या राईडला बोलावलं, की रोज सायकल मारणारा माणूसही म्हणतो, "ते आपलं काम नव्हे." त्याच्या पायात बळ असतं, पण ऐकीव गोष्टी त्याला अडवतात. ग्रुपमध्ये तुमच्याकडून वेगाच्या आधी भरवसा हवा असतो. तुम्ही पुढच्या क्षणी काय करणार, हे शेजारच्याला कळलं पाहिजे. हे एकदा ध्यानात आलं की बाकीची भीती आपोआप कमी होते.

गैरसमज १ : महागडी, गिअरची सायकल हवी.

वस्तुस्थिती : मंद्रूप ते सोलापूर रस्त्यावर घाट नाही. थोडे चढउतार आहेत, ते साध्या सायकलनेही पार होतात. सायकल किती रुपयांची यापेक्षा ती ठीक आहे का, हे महत्त्वाचं. आदल्या दिवशी एकेक ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक फिरता कामा नये. हवा भरा, चेनला तेल द्या, चाकांचे नट आवळा, खडखडणारं कॅरिअर घट्ट करा. सीटची उंचीही तपासा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात आणि दोष मात्र अंतराला दिला जातो.

गैरसमज २ : वेग कमी पडला की मागे सोडून जातात.

वस्तुस्थिती : नवख्यांसाठीच्या राईडमध्ये एक जण पुढे वाट दाखवतो आणि एक अनुभवी सायकलस्वार शेवटच्या माणसाच्या मागे राहतो. ठरलेल्या ठिकाणी सगळे थांबून पुन्हा एकत्र येतात. मात्र प्रत्येक राईड अशी नसते, म्हणून आधी तीन गोष्टी विचारा : अंतर किती, सरासरी वेग किती, मागे कोण असणार? वेगाचा धसका घेणाऱ्यांनी 'ब्रेव्हे' या लांब पल्ल्याच्या राईडचा हिशेब पाहावा. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. खाण्यापिण्याचे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरही पडत नाहीत, आणि वेळेत पोहोचलेल्यांमध्ये पहिला-दुसरा असा क्रमही लावत नाहीत.

गैरसमज ३ : राईड ३० किलोमीटरची, म्हणजे तेवढंच चालवायचं.

वस्तुस्थिती : शहरातल्या माणसासाठी हे खरं आहे, मंद्रूपच्या माणसासाठी नाही. सोलापूर गाठायला वीस-पंचवीस किलोमीटर, परतायला तेवढेच. तीसची राईड अशी सत्तर-ऐंशीवर जाते, तीही परतीच्या उन्हात. नवखा माणूस थकतो तो बहुधा या न मोजलेल्या अंतराने. त्यामुळे पहिल्या खेपेला ग्रुप विजापूर रस्त्याने कधी येणार आहे ते विचारा आणि त्याला तेरामैलला गाठा. टाकळीला भीमेच्या पुलापर्यंत किंवा भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला राईड निघाली, तर ती आपल्याच तालुक्यात आहे. नाहीतर जाताना सायकल ओळखीच्या टेम्पोत टाका.

गैरसमज ४ : पुढच्याच्या चाकाला चिकटून चाललं की दम वाचतो.

वस्तुस्थिती : दम वाचतो हे खरं, पण कोणत्या वेगाला? १९९०च्या एका चाचणीत दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याची ऑक्सिजनची गरज ताशी ३२ किलोमीटरला सुमारे १८ टक्के आणि ४० किलोमीटरला सुमारे २७ टक्के कमी भरली. नवख्यांची राईड याहून बरीच सावकाश असते, तिथे हा फायदा आणखी घटतो. धोका मात्र उरतो. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासलं तर बहुधा तुम्हीच पडता आणि मागून येणारे तुमच्यावर येतात. निदान एक सायकलभर अंतर ठेवा. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून रस्ता पाहा. खड्डा दिसला तर हाताने दाखवा आणि ओरडून सांगा. थांबायचं असेल तर आधी "थांबतोय" म्हणा, मग हळूहळू ब्रेक लावा. तुमच्या सायकलला मागे ब्रेकलाइट नाही, त्याचं काम तुमचा आवाज करतो.

गैरसमज ५ : उलट्या बाजूने चालवलं की समोरची गाडी दिसते, म्हणून ते सुरक्षित.

वस्तुस्थिती : पायी चालणाऱ्याचा नियम सायकलला लागू होत नाही. सायकल हे वाहन आहे, तिने डावी बाजूच धरायची. हिशेब सोपा आहे. तुमचा वेग ताशी २० किलोमीटर आणि ट्रकचा ६०. तो मागून आला तर जवळ येण्याचा वेग ४०, समोरून आला तर ८०. म्हणजे सावरायला वेळ निम्माच. शिवाय फाट्यावरून महामार्गावर चढणारा चालक येणाऱ्या वाहनांकडे पाहत असतो. उलट्या दिशेने येणारी सायकल त्याच्या ध्यानीमनीही नसते. गाळप हंगामात पहाटे उसाच्या ट्रॉल्या विजापूर रस्त्याने जातात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. म्हणून पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावा आणि उभ्या ट्रॉलीला वळसा घालण्याआधी मागे वळून पाहा. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे. डोक्यावर मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

गैरसमज ६ : पंक्चर झाली की राईड संपली.

वस्तुस्थिती : वेड्या बाभळीच्या मुलखात पंक्चर होणारच, ग्रुपला त्याचं नवल नसतं. आपल्या मापाची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, चाक नटाचं असेल तर पाना आणि छोटा पंप सोबत असला की काम भागतं. मापाची ट्यूब मात्र स्वतःच आणा. दुसऱ्याची ट्यूब तुमच्या चाकाला बसेलच असं नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश हात फिरवा. काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते.

गैरसमज ७ : हे तरुणांचं, खेळाडूंचं काम.

वस्तुस्थिती : नाशिकचे सायकलस्वार आषाढीच्या सुमारास तीनशेहून अधिक किलोमीटर सायकल चालवत पंढरपूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात येतात. त्या सायकल वारीत बायका असतात, पिकल्या केसांची माणसंही असतात. त्याच नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. दोघेही पेशाने डॉक्टर. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, पण केवळ वय हे घरी बसायचं कारण नाही. बायकांनी साडी-ओढणीचं टोक चेनपासून दूर बांधलं की कपड्यांची अडचणही उरत नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात : निघताना उपाशी निघू नका. केळं किंवा गूळ-शेंगदाणे पुरेत. तहान लागायची वाट न पाहता घोटघोट पाणी प्या. उन्हाळ्यात त्यात चिमूटभर मीठ-साखर घाला आणि ऊन तापायच्या आत घरी या. चक्कर आली, अंगावर काटा आला किंवा घाम थांबला तर तिथेच सावलीत थांबा आणि सोबत्यांना सांगा.

राईडसाठी जमल्यावर सगळ्यात आधी पुढे चालणाऱ्याला सांगा, "माझी पहिलीच वेळ आहे." घरचा फोन नंबर त्याच्याकडे द्या. मध्येच परतावंसं वाटलं तर खुशाल परता, पण मागच्या माणसाला सांगून. न सांगता गेलात तर सगळा ग्रुप तुम्हाला शोधत राहतो. सांगून वागणारा सायकलस्वार हळू असला तरी प्रत्येक ग्रुपला हवाच असतो. वेग पुढच्या काही रविवारांत आपोआप येईल. येत्या रविवारसाठी आजच ब्रेक तपासा आणि फोन करून वेळ विचारा.