पाणवनस्पतींच्या देठांतील धागा

मांजलपूरहून वडसरच्या दिशेने गेले म्हणजे विश्वामित्रीचे पात्र लागते. तिच्या संथ पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो आणि काठच्या दलदलीत पाणकणसाची तपकिरी कणसे डुलताना दिसतात. पुण्याची मुळा-मुठा असो की कोल्हापूरची पंचगंगा, जलपर्णी मराठी माणसाला परकी नाही. ही झाडे उपसून त्यांच्या देठांचा धागा काढावा, त्याचे कापड विणावे, म्हणजे नदीही मोकळी होईल व गरजूंना कामही मिळेल, अशी सूचना वरचेवर ऐकू येते. सूचना चांगली खरी. परंतु ती कितपत साधेल, हे देठाच्या रासायनिक घडणीवर अवलंबून आहे.

वनस्पतींच्या तंतूंत मुख्यतः तीन द्रव्ये असतात. पहिले सेल्युलोज. आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८३८ साली वेगळे करून दाखविले. ग्लुकोज शर्करेचे हजारो घटक एकापुढे एक गुंफले जाऊन त्याची लांब, सरळ साखळी बनते. अशा अनेक साखळ्या परस्परांना घट्ट बिलगून राहतात, आणि धाग्याला बळ येते ते त्यामुळेच. दुसरे द्रव्य हेमिसेल्युलोज. याच्या साखळ्या निरनिराळ्या शर्करांच्या, आखूड व फाटे फुटलेल्या असतात, आणि त्या पाणी चटकन शोषून घेतात. तिसरे लिग्निन. ते शर्करांचे बनलेले नसते. लाकडाला जो ताठपणा येतो तो त्याच्यामुळे. सिमेंटच्या तुळईशी तुलना केली, तर सेल्युलोज म्हणजे आतील सळ्या आणि लिग्निन म्हणजे भोवतालचे सिमेंट. यांखेरीज तंतूंना एकमेकांशी चिकटविणारे, डिंकासारखे पेक्टिन असते. देठ जाळला म्हणजे राखेच्या रूपाने उरतात ते क्षार.

आता प्रमाण पाहू. कापसाच्या धाग्यात सुमारे ९० टक्के सेल्युलोज असते. तागाच्या धाग्यात ते ६० टक्क्यांच्या आसपास असून लिग्निन १२ ते १४ टक्के असते. ताग कापसाहून राठ लागतो व उन्हात पिवळा पडतो, तो या लिग्निनामुळे. वाळलेल्या जलपर्णीत मात्र सेल्युलोज साधारण २० ते २५ टक्के, हेमिसेल्युलोज त्याहून अधिक, लिग्निन थोडे आणि राख बरीच, असा प्रकार आढळतो. ऋतू व पाणी यांप्रमाणे हे आकडे बदलतात, पण एकंदर चित्र हेच राहते.

असे का व्हावे? जमिनीवरील झाडाला आपला भार स्वतःच पेलावा लागतो. तरंगणाऱ्या झाडाचा भार पाणीच पेलते. म्हणून जलपर्णी आपल्या देठात बळकट तंतू थोडे आणि हवेच्या पोकळ्या पुष्कळ ठेवते. काठावर उभ्या राहणाऱ्या लव्हाळ्याची रचना निराळी आहे. त्याच्या काडीत चिवट तंतूंच्या जुड्या सालीलगत असतात व आत हलका भेंडासारखा गर असतो. तुकोबांनी ज्या लव्हाळ्याच्या नम्रतेचा दाखला दिला, त्या नम्रतेमागे ही रचना आहे. प्राचीन मिसर देशात ज्या पपायरसपासून लिहिण्याचे पत्रे होत, तो या लव्हाळ्याचाच भाऊबंद.

जलपर्णीचा हिशेब मांडून पाहू. तिच्यात ९५ टक्क्यांपर्यंत पाणी असते. म्हणजे १०० किलो ओली जलपर्णी उपसली, तर वाळून पाच-सहा किलो उरते आणि तीत सेल्युलोज जेमतेम एक ते दीड किलो. तेवढ्यासाठी सोडा, इंधन व मजुरी खर्चून सूत काढू पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचाच संभव अधिक. पण देठ सबंध वाळवून, चिरून, वेणीसारखा वळला तर त्याच्या टोपल्या, चटया व पिशव्या उत्तम होतात. उरलेल्या भागाचे खत किंवा जैववायू होतो. मणिपुरात ‘कौना’ नावाच्या पाणगवताच्या सबंध काड्यांच्या चटया विणतात, त्याही याच न्यायाने. धागाच हवा असेल तर कमळाकडे वळावे. त्याचा देठ मोडून ओढला की जलवाहिन्यांच्या भित्तींतील मळसूत्री पेडे उलगडून बारीक तंतू निघतात. हेच आपल्या काव्यांतील मृणालतंतू. ब्रह्मदेशातील इनले सरोवरावर त्यांचे वस्त्र विणतात. मात्र एका वस्त्राला हजारो देठ लागतात, म्हणून ते फार महाग पडते.

दोन गोष्टींची सावधगिरी हवी. जलपर्णी सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेते. म्हणून गटारमिश्रित पाण्यातील जलपर्णी परीक्षेवाचून गुरांना घालू नये वा तिचे खत भाजीला देऊ नये. दुसरे, विश्वामित्रीत मगरी आहेत. तेथे जलपर्णी काढण्याचे काम जाणत्या माणसांच्या देखरेखीखालीच व्हावे.

ज्यांना स्वतः पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी स्वच्छ तळ्यातील पाणकणसाचे पान वडीलधाऱ्यांसमक्ष धुण्याच्या सोड्यात तासभर उकळावे. पेक्टिन सैल होऊन तंतू बोटांनी सुटे होऊ लागतील. ताग आठवडा-दोन आठवडे पाण्यात कुजवतात तेव्हा हेच काम सूक्ष्म जंतू करतात.

एखाद्या महिला मंडळाने वा सहकारी संस्थेने हा उद्योग हाती घेण्यापूर्वी, कोणता देठ विणण्याचा, कोणता कातण्याचा आणि कोणता खताचा, एवढे आधी ठरवावे. असे केल्यास नदी साफ करणाऱ्या हातांना चार पैसे मिळतील, आणि त्यांचे कष्ट पाण्यात जाणार नाहीत.