सौराष्ट्राच्या सहलीचा शेवटचा मुक्काम : दीव

सुरतेहून सौराष्ट्राच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाने पालिताणा, जुनागढ, सासण गीर आणि सोमनाथ झाल्यावर दीव बेटावर दोन रात्री राहावे. हा क्रम उलटा करू नये. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगराला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, तर जुनागढच्या गिरनारला दत्तपादुकांपर्यंत सुमारे दहा हजार. सुरतेच्या उधना-लिंबायत भागातली मराठी कुटुंबे गिरनारला जातात ती या पादुकांसाठीच. डोंगर उतरल्यावर दोन दिवस पोटऱ्या धरतात, आणि गीरच्या सफारीसाठी पहाटे उठावे लागते ते वेगळेच. सोमनाथपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचे दीव त्या थकव्यावर उतारा ठरते.

पूर्वी सुरतेहून भावनगरकडे जायचे म्हणजे खंभातच्या आखाताला वळसा पडे. नोव्हेंबर 2020 मध्ये हजिरा-घोघा फेरीबोट सुरू झाली आणि 370 किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे 90 किलोमीटरवर आले. बोटीत मोटारही चढवता येते. प्रवास साधारण चार तासांचा.

दीव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे. सुमारे अकरा किलोमीटर लांबीचे हे चिंचोळे बेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून एका खाडीने वेगळे झाले असून ती ओलांडायला पूल आहेत. उत्तरेकडे दलदल आणि मिठागरे, दक्षिणेकडे चुनखडकाचे कडे आणि पुळण. इथले खास झाड म्हणजे होका. ताडाच्याच कुळातले, पण ताडासारखे सरळसोट न वाढता याच्या खोडाला फाटे फुटतात.

बेटाचा इतिहास मराठी वाचकाला वसईमुळे जवळचा वाटेल. हुमायूनच्या दडपणाखाली आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधू दिला. 1537 मध्ये तो दीवच्याच समुद्रात मारला गेला. 1538 आणि 1546 चे वेढे सोसूनही हा किल्ला पोर्तुगीजांकडेच राहिला. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, दीव मात्र 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा-दमणबरोबर मुक्त झाले. तीन बाजूंना समुद्र असलेल्या या किल्ल्याच्या तटावरून संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा दिसतो. तासभर तिथे नुसते बसावे, असा तो देखावा आहे.

विसाव्यासाठी नागवा किनारा सर्वांत सोयीचा. तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. सुट्टीत तिथे गर्दी फार होते, तेव्हा घोघल्याचा लांबलचक किनारा बरा. फुदम गावाजवळ गंगेश्वराची पाच शिवलिंगे कड्याच्या पायथ्याशी आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. किल्ल्यासाठी दगड काढल्याने तयार झालेल्या समजल्या जाणाऱ्या नायडा गुहांमध्ये दुपारीही गारवा असतो. चक्रतीर्थाजवळचे ‘खुकरी’ स्मारक चुकवू नये. 9 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका दीवपासून दूर समुद्रात बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पोहणे धोक्याचे ठरते आणि 16 जून ते 15 ऑक्टोबर गीरची सफारीही बंद असते. दीव केंद्रशासित असल्याने तिथे दारूबंदी नाही, त्यामुळे अनेकांना बेटाची ओळख तेवढीच असते. बेटावर हा अन्याय आहे. परतताना बाटली सोबत घेणे मात्र गुजरातच्या कायद्याने गुन्हा ठरतो.

परतीची वाट उना, महुवा, तळाजा अशी घोघ्याला जाते. बोटीची जागा आधी राखून ठेवावी आणि निघण्यापूर्वी वेळ पुन्हा विचारून घ्यावी, कारण हवामान बिघडले तर फेरी रद्द होऊ शकते.