डालड्याचं झाड

तांबट आळीतल्या ठोक्यांचा आवाज इथवर येतो. कसबा पेठेतल्या या जुन्या माडीवर ती खिडकीशी मांडी घालून बसली आहे. समोर पाटावर डालड्याचा डबा आडवा पडलाय, रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला. तळ गंजलाय, एका अंगाला पोचा आहे. पण दुसऱ्या अंगाचा पिवळा रंग आणि त्यावरचं हिरवं झाड शाबूत. डालडा बाजारात आलं 1937 साली, आणि त्याचे डबे घराघरांत तूप संपल्यावरही राहिले, कुठे डाळीसाठी, कुठे तुळशीसाठी.

आधी ती चुंबक लावून बघते. चिकटतं. म्हणजे पोलादी पत्रा, वर कथलाचा पातळ थर. हेच कथील कल्हईवाला भांड्याला आतून लावतो. मग झाकणाकडची आणि तळाची दुहेरी दुमड कापून टाकते, उभा जोड कापते, आणि डबा फटकन उघडतो. छपाई खाली, तिच्याखाली मऊ फडकं, वरून लाकडी मोगरी. पत्रा सपाट होतो.

आता तिची घाई संपते. जाड कागदाला डुलाच्या मापाची, थेंबाच्या आकाराची खिडकी पाडलेली आहे. ती पत्र्यावर सरकवत राहते: झाड मधोमध आलं की नापसंत, शेंडा जरा कापला गेला आणि बुंधा तिरका आला की थांबते. पेन्सिल फिरते, कात्री चालते. दुसऱ्या कानासाठी झाड घेतच नाही; नुसतं एक अक्षर, तेही अर्धं.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द मला इथे अपुरे वाटतात. शाळेच्या प्रदर्शनात ते शोभतात. इथे समोर चालू आहे ते सोनाराइतकंच नेमकं काम, फक्त धातू गरीब आहे. सोनार आगीची मदत घेतो, हिला ती सोय नाही. कथील 232 अंशांना वितळतं, आणि झाळकामाच्या आचेने छपाई काळी पडते. म्हणून सगळे जोड थंड. जुन्या विजेच्या वायरमधली तांब्याची तार ती सोलते, एवढासा तुकडा भोकातून ओवते, आणि दोन्ही टोकांवर इतक्या हलक्या हाताने ठोकते की तिथे दोन इवल्या टोप्या तयार होतात. मागे तांब्याचा पातळ पत्रा बसतो. त्यावर मठारकामाचे बारीक ठोके आहेत, ते तिने आळीतल्या काकांकडून शिकून घेतलेत. छापील पत्र्यावर असे ठोके चालत नाहीत, रंगाला तडे जातात. खाली लोलक म्हणून फुटक्या बांगडीची हिरवी काच. कानातली तार मात्र चांदीची. तिथे ती भंगार वापरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कडेवर. पाव मिलिमीटरचा पत्रा म्हणजे पातंच. आधी बारीक कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, कोन गोल होईपर्यंत. मग ती कापसाचा बोळा कडेवरून ओढते. एका जागी दोन तंतू अडकतात. बर, म्हणजे कापलेल्या कडेची खरखरीत धार, राहिलीय. पुन्हा कानस. मानेला घासणारी वस्तू आहे ही, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी विश्वास बसायचाय. झाडापेक्षा मला हा कापसाचा बोळा जास्त पटतो.

जिन्यावर पावलं वाजतात. काका येतात, टेकतात, न विचारता डूल उचलतात. अंगठा कडेवरून सावकाश फिरतो.

“बुंध्यापाशी अजून खुपतंय गं.”

“आत्ताच बघितलं, काका.”

“कापसाने बघितलंस. कानाची पाळी कापसाहून हळवी.”

ती डूल परत घेते आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा पाण्यात बुडवते.