पौगंडावस्था आणि मातेचे मानसिक नियंत्रण : कारणांचा विचार

मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की शिस्तीची जुनी साधने निरुपयोगी होऊ लागतात. पाच वर्षांच्या मुलीला हाताला धरून अंगणातून घरात आणता येते. तेरा वर्षांच्या मुलीला तसे आणता येत नाही. तिचा बराचसा दिवस घराबाहेर जातो, आणि मनात काय चालले आहे ते आईला सांगावे की न सांगावे, हे ठरविण्याची शक्ती आता तिच्या हाती आलेली असते. अशा वेळी काही माता नियम ठरवून, चौकशी करून व मुलांचे ऐकून घेऊन आपला मार्ग काढतात. दुसऱ्या काही माता अबोला धरतात, आपण खाल्लेल्या खस्तांचा पाढा वाचतात, किंवा मुलीने वेगळे मत मांडताच 'तुला आईची किंमतच नाही' असे म्हणून तिचे तोंड बंद करतात. हा दुसरा मार्ग कोणत्या परिस्थितीत पत्करला जातो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संकल्पनेची फोड

पालकांच्या वर्तनाविषयी मुलांना काय वाटते, ह्याचे मापन करण्यासाठी अर्ल शेफर ह्यांनी १९६५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या विश्लेषणातून तीन परिमाणे पुढे आली : स्वीकार व अव्हेर, मानसिक स्वायत्तता व मानसिक नियंत्रण, आणि कडक शिस्त व ढिली शिस्त. ह्यांपैकी दुसरे परिमाण पुढे बराच काळ उपेक्षित राहिले. ब्रायन बार्बर ह्यांच्या १९९६ च्या निबंधाने त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. बार्बर ह्यांच्या विवेचनानुसार मुलाच्या बोलण्याला आवर घालणे, त्याच्या भावना खोट्या ठरविणे, त्याच्या व्यक्तित्वावर प्रहार करणे, अपराधभावना जागविणे, माया काढून घेणे आणि क्षणात प्रेमळ तर क्षणात तुसडे होणे, ही मानसिक नियंत्रणाची प्रमुख रूपे होत.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. मूल कोठे जाते, कोणाबरोबर जाते, केव्हा परतते, ह्याकडे लक्ष ठेवणे म्हणजे वर्तनाचे नियंत्रण. मुलाने काय वाटून घ्यावे, काय विचार करावा, ह्यावर ताबा मिळविणे म्हणजे मानसिक नियंत्रण. पहिल्यात कृतीला मर्यादा पडते. दुसऱ्यात मुलाच्या 'स्व'लाच बाध येतो. म्हणून एकीचे प्रमाण वाढले की दुसरीचेही वाढते, असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. कडक नियम असलेल्या घरात मानसिक नियंत्रण अत्यल्प असू शकते, आणि नियमांचा मागमूसही नसलेल्या घरात ते भरपूर आढळू शकते.

मुळांचा शोध

ह्या दोन नियंत्रणांची मुळे वेगवेगळी आहेत काय, ह्या प्रश्नाचा महत्त्वाचा अभ्यास पेटिट, लेअर्ड, डॉज, बेट्स व क्रिस ह्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॅशव्हिल व नॉक्सव्हिल आणि इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन ह्या गावांतील कुटुंबे १९८७ व १९८८ साली, मुले बालवर्गात दाखल होताना, एका दीर्घकालीन प्रकल्पासाठी निवडलेली होती. मुले पाच वर्षांची असताना घरोघरी मुलाखती घेऊन संगोपनाची पद्धत, कौटुंबिक परिस्थिती आणि मुलाच्या वर्तनाविषयी आईचे मत ह्यांची नोंद झाली. मुले तेरा वर्षांची झाल्यावर ४४० माता व त्यांची मुले ह्यांच्याकडून देखरेख व मानसिक नियंत्रण ह्यांविषयी माहिती घेण्यात आली.

निष्कर्ष स्पष्ट होते. ज्या माता मुलाच्या लहानपणी आपण होऊन, पूर्वविचाराने मार्गदर्शन करीत होत्या आणि ज्यांची कौटुंबिक परिस्थिती अनुकूल होती, त्यांच्या घरी पुढे देखरेख अधिक आढळली. उलट, मानसिक नियंत्रणाच्या मागे दोन गोष्टी दिसल्या : लहानपणीची कठोर वागणूक, आणि 'हे मूल दांडगे आहे, ऐकत नाही' असे आईने पाचव्या वर्षीच नोंदविलेले मत.

ह्यांतील पहिल्या गोष्टीवरून असे अनुमान निघते की, मानसिक नियंत्रण पौगंडावस्थेत एकाएकी उपजत नाही. प्रतिक्रिया म्हणून शिक्षा करण्याची वृत्ती तीच राहते. मूल मोठे झाल्यामुळे तिचे साधन तेवढे बदलते. हाताची जागा शब्द घेतात. शिवाय तेराव्या वर्षी मुलाला दुसऱ्याच्या मनाची कल्पना पुरेशी आलेली असते. त्यामुळे अपराधभावनेचे शस्त्र ह्याच वयात अधिक धारदार होते.

दुसऱ्या गोष्टीचा अर्थ लावणे तितके सोपे नाही. मूल खरोखरच अवखळ असल्यामुळे आई हळूहळू हतबल झाली, असा एक अर्थ संभवतो. परंतु वर्तनाची ही नोंद आईनेच केलेली आहे. तेव्हा मुलाच्या साध्या हट्टातही दुर्वर्तन पाहण्याची तिची दृष्टीच दोन्ही गोष्टींच्या मुळाशी असेल, हा दुसरा अर्थही तितकाच संभवतो.

आईवरील त्रिविध दडपण

वेंडी ग्रोल्निक ह्यांनी पालकांना नियंत्रणाकडे ढकलणाऱ्या दडपणांचे वरून येणारे, खालून येणारे व आतून येणारे असे तीन वर्ग केले आहेत. आर्थिक ओढाताण व परिस्थितीचा ताण वरून येतो. मुलाचे अवघड वागणे खालून येते. आतले दडपण आईच्या स्वतःच्या मनात असते.

आतल्या दडपणाविषयी सूनेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियममध्ये केलेला २००६ चा अभ्यास उद्बोधक आहे. मूल आपल्यापासून दूर जाईल ही वियोगचिंता आणि स्वतःच्या चुकांविषयी अतिकठोर असणारी पूर्णत्वाची आस, ह्या दोहोंचा मानसिक नियंत्रणाशी स्वतंत्र संबंध त्यांना आढळला. ह्याच संशोधकांनी पुढे अशा नियंत्रणाचे दोन प्रकार मानले : मुलाला जवळ बांधून ठेवण्यासाठी केलेले, आणि त्याच्याकडून यश मिळविण्यासाठी केलेले. दुसऱ्या प्रकारावर एन्ग, पोमेरान्ट्झ व डेंग ह्यांच्या २०१४ च्या निबंधाने प्रकाश टाकला. चिनी माता अमेरिकन मातांपेक्षा अधिक नियंत्रण करतात, ह्याचे एक कारण असे की, त्यांची स्वतःविषयीची किंमत मुलाच्या यशापयशावर अधिक अवलंबून असते. मुलाचे प्रगतिपुस्तक हे जणू आईचेच प्रगतिपुस्तक होते.

परिणाम आणि मर्यादा

पेटिट ह्यांच्या अभ्यासात चांगल्या देखरेखीबरोबर मुलांचे गैरवर्तन कमी दिसले. मानसिक नियंत्रणाचे संबंध गुंतागुंतीचे होते. मुलींच्या बाबतीत ते चिंता-विषादाशी व गैरवर्तनाशीही निगडित आढळले. ज्यांना आधीपासून चिंता व खिन्नता अधिक होती त्यांच्यात ती वाढलेली दिसली. आणि ज्यांचे वर्तन पूर्वी चांगले होते त्यांच्यात गैरवर्तन अधिक आढळले. म्हणजे जिला आवरण्याची गरज नव्हती, तिलाच ह्या आवरण्याने अपाय होण्याचा संभव अधिक. तथापि हे सहसंबंध आहेत. मुलाच्या वागण्याचा आईवर होणारा उलट परिणाम त्यांतून वगळता येत नाही. तसेच बहुतेक माहिती मातांकडून व मातांविषयी गोळा केलेली असल्याने, पिते ह्या दोषापासून मुक्त आहेत असा निष्कर्ष काढता येणार नाही.

मराठी कुटुंबांच्या अभ्यासात ही साधने वापरताना आणखी एक विवेक हवा. मुलीच्या वागण्याबद्दल आईला सासर, नातलग व शेजारी ह्यांच्यापुढे जाब द्यावा लागत असेल, तर 'वरून येणारे दडपण' केवळ पैशाच्या ओढाताणीने मोजून भागणार नाही. तसेच 'आई रागावली की बोलत नाही' ह्या विधानाला मुलगी होकार देते, तेव्हा तो रुसवा तासाभरात निवळणारा आहे की आठवडाभर माया अडवून धरणारा आहे, हेही विचारले पाहिजे.

आईच्या नियंत्रणामागे दुष्टता शोधणारा दृष्टिकोन ह्या संशोधनाशी जुळत नाही. तिच्या मागे दिसते ते भय : मूल हातचे जाईल ह्याचे, आणि त्याच्या अपयशाने आपण उणे ठरू ह्याचे. म्हणूनच 'मुलाला मोकळे सोडा' हा उपदेश तिला पुरेसा पडत नाही. मुलाची माहिती ठेवणे आणि मुलाचे मन ताब्यात घेणे ह्यांतील भेद तिला दाखवून दिला, आणि पहिले सोडले नाही तरी दुसरे सोडता येते हे पटवून दिले, तर त्या भयाला वाट मिळू शकेल. हे काम मूल तेरा वर्षांचे होण्याची वाट न पाहता, त्याच्या पाचव्या वर्षीच सुरू व्हावे, असा ह्या सर्व विवेचनाचा रोख आहे.