इंधनकांडीत कोंडलेला वायू

तारापूर येथील अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झाले. तेथील भट्टीत वापरून झालेल्या काही इंधनकांड्यांचे परीक्षण मुंबईतील ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात करण्यात आले. बाहेरून अभंग दिसणाऱ्या कांडीच्या पोटात किती वायू साठला आहे, हा अशा परीक्षणातील एक महत्त्वाचा प्रश्न असतो.

इंधनकांडी म्हणजे झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, दोन्ही टोके बंद केलेली लांब नळी होय. तिच्यात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. उरलेल्या पोकळीत हेलियम भरतात. युरेनियमच्या 100 अणूंचे विखंडन झाले, म्हणजे झेनॉन व क्रिप्टॉन या वायूंचे सुमारे 25 ते 30 अणू निर्माण होतात. त्यांपैकी बहुतेक गोळीतच अडकून राहतात. परंतु गोळी फार तापली की ते बाहेर पडून नळीत साठू लागतात. हेलियम उष्णतेचा चांगला वाहक आहे, झेनॉन मंद वाहक. त्यामुळे गोळीतील उष्णता बाहेर पडेनाशी होते, गोळी अधिक तापते व आणखी वायू सोडते. दाब अतिशय वाढल्यास नळी फुगण्याचा वा फुटण्याचा संभव असतो. आणि किरणोत्सर्गी द्रव्यांना अडवून धरणारी भिंत ती हीच.

हा वायू मोजण्याचे काम जाड काँक्रीटच्या कोठीत चालते. शिसेयुक्त काचेतून पाहत, यांत्रिक हातांनी कांडी हवाबंद कक्षात बसवितात. कक्ष निर्वात करून नळीस छिद्र पाडतात. बाहेर आलेला वायू ठाऊक आकारमानाच्या पात्रात पसरतो. तेथील दाब व तापमान यांवरून त्याची राशी कळते. पुढे रिकाम्या नळीत मोजका वायू सोडून आतील पोकळीचे आकारमान काढतात. या दोन आकड्यांवरून कांडीतील मूळ दाबाचे गणित मांडता येते.

त्यानंतर येते पृथक्करण. युरेनियम-235च्या विखंडनात झेनॉन क्रिप्टॉनच्या सुमारे 6 ते 7 पट निघतो. प्लुटोनियम-239च्या विखंडनात हे प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक असते. म्हणून या गुणोत्तरावरून वायू कोणत्या विखंडनातून आला, हे ओळखता येते. निर्माण झालेल्या वायूपैकी शेकडा किती भाग गोळ्यांबाहेर पडला, यावरून गोळ्या किती तापल्या होत्या याचा अंदाज बांधता येतो. तशाच घडणीच्या दुसऱ्या कांड्या भट्टीत आणखी किती काळ निर्धास्तपणे ठेवाव्यात, हे ठरविताना या मोजमापाचा आधार घेतात.