वोकिंगचं सिंगल तिकीट

सकाळी साडेसातला भाचा पाठीला सॅक अडकवून, टोस्टचा शेवटचा घास चावतच दाराबाहेर पडतो. वोकिंग ते लंडनचं वॉटर्लू स्थानक, जलद गाडीनं जेमतेम अर्धा तास. अंतर ३७ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सीएसएमटीहून ठाण्याच्या थोडं पुढे. डबा कुठे थांबणार, दार कुठे उघडणार, हे पाठ असलेली मंडळी फलाटावर नेमक्या जागी उभी असतात. डोंबिवलीकराला काहीच शिकवावं लागत नाही. फक्त चौथी सीट मागायची सोय नाही.

अशा गावात पाहुण्यानं करायचं काय? बहुतेक जण इथे झोपतात आणि लंडन पाहतात. खोली लंडनपेक्षा स्वस्त पडते, हीथ्रोहून थेट बस आहे. पण रोज लंडनला जाणार असाल तर वाचलेले पैसे तिकिटात जातात. निदान गर्दीची वेळ टळल्यावर निघा, तिकीट स्वस्त मिळतं. माझं ऐकाल तर एक दिवस लंडन बुडवा आणि नोकरदार गेल्यावर मागे उरलेलं वोकिंग पाहा.

रेल्वे इथे १८३८ साली आली तेव्हा स्थानकाभोवती नुसतं माळरान होतं. गाव वसलं ते लंडनच्या मढ्यांमुळे! कॉलऱ्याच्या साथींनी शहरातल्या दफनभूमी तुडुंब भरल्या, तेव्हा एका कंपनीनं इथली दोन हजारांवर एकर जमीन घेतली आणि १८५४ मध्ये ब्रुकवुडची दफनभूमी उघडली. वॉटर्लूजवळच्या खास स्थानकातून तिथे अंत्ययात्रेची गाडी सुटे. तिच्यात तीन वर्ग, जिवंतांना आणि मृतांनाही. सोबतच्यांना रिटर्न तिकीट, शवपेटीला सिंगल. व्यवहार चोख. उरलेली जमीन कंपनीनं पुढे विकायला काढली आणि स्थानकाभोवती आजचं वोकिंग उभं राहिलं. १९४१ मध्ये लंडनचं ते स्थानक बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि गाडी कायमची थांबली.

लोहमार्गाजवळच्या ओरिएंटल रोडवर हिरव्या घुमटाची छोटीशी शाहजहान मशीद आहे. मशीद म्हणूनच बांधलेली ही ब्रिटनमधली पहिली वास्तू, १८८९ ची. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य राहिलेले लाइटनर इथे पौर्वात्य विद्येची संस्था चालवत. मशिदीसाठी मोठी देणगी भोपाळच्या शाहजहान बेगमांची. पुढे कादंबरीकार एच. जी. वेल्स याच गावात राहायला आला आणि त्यानं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मध्ये मंगळवासी जवळच्याच हॉर्सेल कॉमनवर उतरवून या घुमटाचीही वाट लावली. गावानं राग धरलेला नाही. बाजारात मंगळवासीयांच्या यंत्राचा सात मीटर उंच, चकचकीत धातूचा पुतळा आहे आणि त्याच्या तंगड्यांखालून लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन जातात. स्थानकाजवळचे नवे टोलेजंग मनोरे मात्र नगरपरिषदेच्या कर्जावर उभे राहिले. जून २०२३ मध्ये तिला खर्च भागत नसल्याची कायदेशीर नोटीस काढावी लागली. मंगळवासीयांपेक्षा जास्त धास्ती लोकांना त्या कर्जाची वाटत असावी.

मला ओढ होती ब्रुकवुडची. वोकिंगच्या पुढचंच स्थानक. दक्षिणेच्या बाजूनं बाहेर पडलं की दफनभूमीच सुरू होते. अंत्ययात्रेच्या गाडीचे रूळ केव्हाच उखडलेत, पण ते जिथून जात ती सरळ पायवाट कळते. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पायाखाली ओली पानं. पारशी दफनभूमीपर्यंत पोचलो तेव्हा बूट चिखलानं माखले होते. पर्शियन धाटणीच्या दगडी समाध्या, चढलेलं शेवाळ, आणि एकीवर नाव जमशेटजी टाटांचं. १९०४ साली जर्मनीत बाड नाउहाइमला ते वारले आणि त्यांना इथे आणलं. मुलगे दोराबजी, रतनजी आणि सून मेहरबाईही इथलेच रहिवासी. मुंबईत ज्यांच्या नावाशिवाय पान हलत नाही ते घराणं सरे परगण्यातल्या या झाडीत आहे, हे वाचून ठाऊक होतं. तरी समोर उभं राहिल्यावर हात आपसूक जोडले गेले. दूर कुठे तरी जलद गाडी धडधडत गेली.

संध्याकाळी भाचा आला. बूट दारातच काढायला लावले होते, ते त्यानं पाहिले.

“मामा, आज लंडनमध्ये एवढा चिखल कुठे मिळाला तुला?”

खिशातून ब्रुकवुडचं रिटर्न तिकीट काढून मी त्याच्या हातात दिलं.