मुलांसाठी प्राणी पाळायचा तर…

परीक्षा संपताच नातवाने धोशा लावला, "आजोबा, कुत्रा आणू या ना!"

आमच्या लहानपणी इंदूरच्या वाड्यांतून पिंजऱ्यातला मिठू असायचा. आता तो विचारच नको. आपल्याकडचा पोपट पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

बँकेत कर्ज देताना आम्ही आधी मुदत बघायचो. इथेही तेच. कुत्रा साधारण १० ते १३ वर्षे जगतो. नातू आज ७ वर्षांचा. १८व्या वर्षी तो शिकायला बाहेरगावी गेला, की म्हाताऱ्या कुत्र्याला तीन जिने उतरवून फिरायला कोण नेणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. तेव्हा मी ७७ वर्षांचा असेन!

म्हणून कुत्रा आई-वडिलांना स्वतःला हवा असेल तरच आणावा. हस्कीसारख्या थंड प्रदेशातल्या कुत्र्याचे इथल्या मे महिन्यात हाल होतात. त्यापेक्षा देशी पिल्लू बरे. तीन महिन्यांच्या सुमारास त्याला रेबीजची लस द्यावी, पुढे डॉक्टर सांगतील तशी. चावला किंवा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, तिखट काही लावू नये.

ससा गरीब दिसतो खरा, पण मुलाने वेडावाकडा उचलला आणि त्याने झटका दिला, तर त्याचा कणा मोडू शकतो.

आमच्याकडे तूर्त मासे आले आहेत, तेही काचेच्या वाडग्यात नव्हे, चांगल्या मोठ्या टाकीत. नातू रोज चिमूटभर खाद्य घालतो. दर रविवारी थोडे पाणी बदलायचे काम मात्र माझ्याकडे आले आहे.